कासमभाईंचा तरंगता मासा

कासमभाई कुणाच्याही घरात शिरले की आधी दाराकडे बघत. ते आत उघडतं की बाहेर, कडी कुठे आहे, वाटेत काही ठेवलंय का, हे सगळं पाहून झालं की उंबऱ्याजवळची जागा धरत आणि सपाता बाहेर तोंड करून पायाशी ठेवत. चहा होईपर्यंत एकदा तरी उठून स्टोव्हकडे नजर टाकून येत. "भाबी, हवा जास्त भरू नका. माझ्या मावशीच्या जावेचा स्टोव्ह असाच फुटला होता."

"मला भीती वाटते" हे वाक्य ते आपण "भूक लागली" म्हणतो तितक्या सहज बोलत. त्यात लाज नव्हती की लाडिकपणा नव्हता. उंच, हाडापेराने मजबूत माणूस, दाढीत थोडी चांदी. असा माणूस भर बैठकीत सांगायचा की मला तुमच्या विहिरीची भीती वाटते, मी वाकून बघणार नाही. पुरुष मंडळी हसत. कासमभाई चहाचा घोट घेत आणि म्हणत, "भीती म्हणजे घरातली म्हातारी. ती खोकली की उठून बघावं. कूस बदलून झोपू नये."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते शारजात, साठच्या दशकाच्या मधल्या वर्षांत. तेव्हा अमिराती हे नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. आमचे हे एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले होते आणि पुढच्या वर्षी त्यांनी मला आणि शमीमला, आमच्या लेकीला, दापोलीहून बोलावून घेतलं. आमच्या वस्तीत रत्नागिरीकडची चार-सहा मुसलमान घरं होती. काही दगडाची, बाकी खजुरीच्या झावळ्यांची. पाणी गाढवावरून यायचं. कासमभाई दाभोळच्या बाजूचे. वाळवंटात तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या कॅम्पवर ते जनरेटर सांभाळत आणि आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत.

घरांच्या मागे खाडीचा एक फाटा होता. त्याचं तोंड वाळूने बुजलं होतं, त्यामुळे आत मोठं तळं झालं होतं. अरब शेजारी त्याला बिरका म्हणत, म्हणून आम्हीही बिरका म्हणायचो. एरवी ते पाणी हलायचं नाही. फक्त मोठ्या उधाणाला समुद्र वाळूवरून आत यायचा आणि नवे मासे टाकून परत जायचा. बायका काठावर वाळूने भांडी घासत. दुपार कलली की पोरं कमरेइतक्या पाण्यात डुंबत. उन्हाळ्यात त्या मुलखात पोरांना गारवा देणारी दुसरी जागा नव्हती.

आणि काठापासून चांगलं दूर, एका उपड्या खोक्यावर, हातात रीळ लावलेली काठी घेऊन कासमभाई बसलेले असत.

ती काठी त्यांना रॉयसाहेबाने दिली होती. रॉयसाहेब कॅम्पवरचा अमेरिकन ड्रिलर. त्याच्या गावी घरामागे गोड्या पाण्याचं तळं होतं आणि त्यात बास नावाचा मासा असायचा. पाणवेलींखाली दडून बसायचा आणि वर बेडूक पोहताना दिसला की उसळी मारून गिळायचा. त्याला पकडायला तिकडचे लोक लाकडी बेडूक, लाकडी मासे पाण्यावर तरंगवतात. एका सुट्टीच्या दिवशी रॉयसाहेब आपली पेटी घेऊन आमच्या बिरक्यावर आला. कासमभाईंनीच त्याला जागा दाखवली होती. पेटीतून त्याने वीतभर लांबीचा एक लाकडी मासा काढला. हिरवी पाठ, पांढरं पोट, तोंड वाटीसारखं खोलगट, पोटाला आणि शेपटीला तीन-तीन आकड्यांचे गळ.

कासमभाईंनी विचारलं, "साहेब, ये नीचे जाता है?"

"नो, कासम. ऑलवेज ऑन टॉप."

"कभी नहीं जाता?"

"नेव्हर."

"तो फिर अपने को चलेगा," कासमभाई म्हणाले.

रॉयसाहेब मायदेशी गेला तेव्हा ती काठी आणि लाकडी मासा त्यांनाच देऊन गेला. दुसरे लोक गळाला शिसं बांधून तळाशी सोडत, हमूर नावाचा तळाचा मासा काढत. कासमभाईंनी शिशाला कधी हात लावला नाही. लांब फेक टाकायची, लाकडी मासा पाण्यावर स्थिर होऊ द्यायचा आणि मग तंगुसाला हलका हिसका द्यायचा. तंगूस म्हणजे नायलॉनची बारीक दोरी. हिसका बसला की त्या वाटीसारख्या तोंडातून 'गुळुप्' असा आवाज यायचा, थोडे तुषार उडायचे. थांबायचं. पुन्हा गुळुप्. पाण्यातल्या माशाला वाटतं, वर काहीतरी जखमी होऊन तडफडतंय. मग पाणी फुटायचं आणि चोचीसारख्या लांब तोंडाचा एखादा मासा त्यावर झडप घालायचा. अशी झडप पडली की दर वेळी कासमभाई दचकून मागे उडायचे. वर्षभर रोज तेच करूनही त्यांचं दचकणं गेलं नाही. पोरं ते बघायलाच जमत. मासा ओढून काढला की तो ज्याच्या घरी पाहुणा असेल त्याच्या घरी जायचा.

एकदा मी विचारलं, "कासमभाई, इतकी भीती वाटते तर पाण्याजवळ जाता कशाला?"

"नजर ठेवायला," ते म्हणाले. "पाठ फिरवली की जास्त वाटते."

त्यांच्या भीतीच्या गोष्टी वस्तीत करमणुकीच्या झाल्या होत्या. एकदा भर दुपारी ते जनरेटरच्या शेडमधून सपाता हातात घेऊन उन्हात पळत सुटले आणि येईल त्याला "लांब व्हा, लांब व्हा" सांगू लागले. मशीनचा आवाज बदलला होता म्हणे. सगळा कॅम्प बाहेर येऊन उन्हात उभा राहिला. इंजिनियरने आत जाऊन सगळं तपासलं. काही झालेलं नव्हतं. मशीन चालूच राहिलं, पुढेही कित्येक महिने चाललं. यानंतर कुणीही मोठ्याने शिंकलं तरी लोक एकमेकांना "लांब व्हा" म्हणायचे. कासमभाईही हसायचे. पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेल्यावर त्यांनी खुर्ची दारात आणून ठेवली होती, हे आमच्या ह्यांनी स्वतः पाहिलं.

ते कुठून आणि कसे आले, हे आम्हाला बराच काळ माहीत नव्हतं. ते कळलं एका ईदच्या दुसऱ्या दिवशी. वस्तीतले काहीजण होडीने अजमानला जाणार होते. किनाऱ्या-किनाऱ्याने जायचं, जेवायचं, परत यायचं. आमचे हे त्यांना बोलवायला गेले तर ते नको म्हणाले. ह्यांनी आग्रह केला. "अहो कासमभाई, समुद्र बघा, तेलासारखा पडलाय. हलत पण नाही."

कासमभाई आमच्या उंबऱ्याशी बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी पण हलत नव्हता, भाबी."

ते आणि त्यांचा धाकटा भाऊ युसूफ एका लाँचमधून चोरून आले होते. तेव्हा पुष्कळ लोक असेच येत. कागदपत्रं नसत, म्हणून नाखवा बंदरात न्यायचा नाही. खोरफक्कानच्या बाजूला डोंगराखाली, फटफटायच्या वेळी त्याने लाँच थांबवली आणि म्हणाला, यल्ला, उतरा, पाणी कमरेइतकं आहे. किनारा दिसत होता. माणसं एकामागून एक उतरली. पाणी कमरेइतकं नव्हतं. मागे वळून पाहिलं तर लाँच निघाली होती.

"मला थोडं पोहता यायचं. युसूफला नाही. मी त्याचा सदरा धरला होता मागून. घट्ट धरला होता." कासमभाईंनी मूठ वळून दाखवली. "लाटा नव्हत्या. वारा नव्हता. कुणी ओरडलं पण नाही जास्त. नाकातोंडात पाणी गेलं की ओरडता येत नाही. मी किनाऱ्याला लागलो तेव्हा सदरा हातात होता."

आमचे हे खाली बसले. अजमानला त्या दिवशी कुणी गेलं नाही.

"पाण्याच्या तळाशी काय आहे ते मला नाही बघायचं," उठताना कासमभाई म्हणाले. "वर येईल तेवढंच माझं."

त्यानंतर मी त्यांना हसले नाही. बाकीच्यांना हे सांगू नका असं ते म्हणाले होते, म्हणून आम्ही सांगितलं नाही, आणि बाकीचे हसतच राहिले.

मग तो उन्हाळा आला. त्या वर्षी एक उधाण असं मोठं आलं की पाणी वाळू ओलांडून थेट भांडी घासायच्या दगडापर्यंत चढलं. ओसरल्यावर बिरका काठोकाठ भरलेला होता. पोरं खूश. कासमभाई नेहमीसारखे संध्याकाळी जाऊन बसले आणि सूर्य मावळायच्या आत परत आले. काठी होती, पकडलेला मासा नव्हता. चेहरा पांढरा पडला होता.

"भाबी, शमीमला बिरक्यावर सोडू नका."

"काय झालं?"

"मी फेक टाकली. दोनदा मासा वाजवला. मग पाणी फुगलं." त्यांनी हाताने दाखवलं, खालून काहीतरी वर येताना पाण्याची पाठ कशी उचलली जाते ते. "फुटलं नाही. नुसतं फुगलं आणि माझ्या माशाखालून गेलं. लांब होतं. झडप घातली नाही. बघून गेलं."

त्यांनी घरोघर जाऊन हेच सांगितलं. बोई माशाची पिलं सगळी एका कोपऱ्यात गोळा झाली आहेत, सांगितलं. बगळे उतरत नाहीत, सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि ते वळल्यावर कुणीतरी "लांब व्हा" म्हणालं. आमचे हे मात्र दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले, दोघं बराच वेळ उभे राहिले. पाणी काचेसारखं होतं. काही दिसलं नाही. पलीकडच्या घरातली उम्म राशिद, वयस्कर अरब बाई, तिलाही कासमभाईंनी विचारलं. तिने चेहऱ्यावरच्या बुरख्यातून पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, समुद्र देतो तसं कधी नको तेही पाठवतो. इन्शाल्ला काही नसेल.

मी शमीमला घरात ठेवलं. दोन-चार दिवस निभावलं. झावळ्यांच्या घरात ऊन चाळणीतून पडावं तसं पडायचं, अंगाला घामोळं आलं होतं, पोर रडून रडून दमायची. बाकीची पोरं बिरक्यावर जातच होती आणि त्यांना काही होत नव्हतं. एका दुपारी माझा डोळा लागला आणि ती निघून गेली.

मला जाग आली ती आवाजाने. गुळुप्. गुळुप्. गुळुप्. न थांबता. कासमभाई असं कधी वाजवत नसत.

मी धावत मागे गेले. पोरं पाण्यात होती, काठापासून चांगली आत, आणि शमीम सगळ्यांत पुढे. त्यांच्या पलीकडे पाण्यावर एक काळपट त्रिकोण चालत होता. चालत होता म्हणजे घाई नव्हती त्याला. एका बाजूने यायचा, वळायचा, पुन्हा यायचा, दर वेळी पोरांच्या थोडा जवळून. मोरी आम्ही कोकणात लहानपणापासून खाल्लेली. लोक शार्क म्हणतात तीच. पण ती टोपलीत पाहिलेली. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. कुठल्याच बाईच्या निघत नव्हता. पोरांना अजून कळलंच नव्हतं. ती कासमचाचांकडे बघून हसत होती.

कारण कासमचाचा खोक्यावर नव्हते. ते पाण्याच्या अगदी कडेला उभे होते आणि थरथरत होते. पाय ओल्या वाळूत रोवलेले. आणि हात मात्र काम करत होते. ते लाकडी मासा पोरांच्या पलीकडे, त्या त्रिकोणाच्या पुढ्यात फेकत आणि हिसके देत देत आपल्या बाजूला ओढत. तो वळायचा, थोडा मागे यायचा, मग सोडून पुन्हा पोरांकडे जायचा. कासमभाई तंगूस गुंडाळून पुन्हा फेकत.

"बाहेर," ते पोरांना सांगत होते. आवाज चढवलेला नव्हता. "पळायचं नाही. पाणी उडवायचं नाही. हळू चालत बाहेर. शमीम, माझ्याकडे बघ. चाल."

पोरं हसायची थांबली. पुढची फेक पडली ती बरोबर त्याच्या तोंडासमोर. कासमभाईंनी एकच हिसका दिला आणि थांबले. ते थांबणं मला आजही आठवतं. सगळा बिरका थांबला होता. मग पाणी फुटलं. एक करडी पाठ वर आली, माणसाएवढी, पांढरं पोट दिसलं, आणि लाकडी मासा दिसेनासा झाला.

रिळाचा आवाज सुरू झाला. तंगूस सरसर निघाला. रीळ अडलं तशी कासमभाईंनी दोरीच हाताला गुंडाळली. ते ओढले जात होते. घोटा बुडाला, पोटऱ्या बुडाल्या, गुडघे बुडाले. ते मागे रेलले, डोळे मिटून घेतले, पण सोडलं नाही. तोवर उम्म राशिद आपल्या काळ्या झग्यासकट कमरेइतक्या पाण्यात शिरली होती. एक पोर काखेत, एकाचा दंड धरलेला. मीही शिरले. शमीम माझ्या हाताला लागली तेव्हा ती बर्फासारखी गार लागली, त्या उन्हाळ्यात.

तंगूस तुटला तसे कासमभाई मागच्या मागे चिखलात बसले. सगळी पोरं बाहेर होती. उम्म राशिदने एकेकाचं डोकं चाचपलं आणि म्हणाली, "खलास. सगळे आहेत." मग तीही खाली बसली.

कासमभाईंचा तळवा हाडापर्यंत कापला होता. आमच्या ह्यांनी दवाखान्यात नेऊन टाके घातले. संध्याकाळी पुरुषांनी जाळं लावून बिरका ओढला. जाळं मध्येच फाटलं, हाती काही आलं नाही. पुढच्या उधाणाला ती मोरी बाहेर गेली असावी. गेली की नाही, हे कुणीच पाहिलं नाही. त्यानंतर त्या पाण्यात पोर उतरलं नाही, आणि बायका भांडी घासायच्या त्या पाण्याकडे तोंड करून.

लोक कासमभाईंना भेटायला आले. चेष्टा करणारे सगळ्यांत आधी आले. खजूर आणले, कुणी शाल आणली. ते तापाने फणफणले होते. मी पेज घेऊन गेले तेव्हा भिंतीकडे बघत पडले होते.

"माझे पाय गेले नाहीत, भाबी," ते म्हणाले. "पोरं आत होती आणि माझे पाय गेले नाहीत. मी म्हणत होतो जा, जा. नाही गेले."

"तुम्ही आत गेला असता तर काठी कुणी चालवली असती?"

"ते नंतरचं झालं. तेव्हा काठी चालवली कारण पाय चालले नाहीत."

शमीम माझ्याबरोबर होती. तिने त्यांच्या पट्टी बांधलेल्या हाताला बोट लावून पाहिलं.

"दुखतं?"

"दुखतं," ते म्हणाले. मग तिच्याकडे बघत, "युसूफच्या वेळी काठी नव्हती."

त्यांनी पुन्हा मासे पकडले नाहीत. संध्याकाळी जाऊन बसत मात्र, खोक्यावर, रिकाम्या हातांनी, अंधार पडेपर्यंत.

पुढच्या हिवाळ्यात दाभोळहून आलेल्या कुणीतरी निरोप आणला की त्यांच्या आईला आता डोळ्यांनी दिसत नाही, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावून "कासम का?" विचारते. इतकी वर्षं ते गावी गेले नव्हते. जायचं म्हणजे समुद्रावरून जायचं. विमानाचं कुणी सुचवलं तर म्हणाले, त्याला दारं असतात पण उघडता येत नाहीत. निरोप आल्यावर दोन दिवस त्यांनी खोलीचं दार उघडलं नाही. मग येऊन आमच्या ह्यांना म्हणाले, "मुंबईची आगबोट कधी आहे? मला फार भीती वाटते. बरोबर या दुबईपर्यंत."

आम्ही तिघंही गेलो, लँडरोव्हरमधून, वाळूवरच्या वाटेने. आगबोट लांब समुद्रात उभी राहायची आणि प्रवाशांना खाडीतून लाँचने तिच्यापर्यंत नेत. म्हणजे त्यांना आधी लाँचमध्येच पाय टाकायचा होता. धक्क्यावर ते इतका वेळ उभे राहिले की नाखवा चिडला. आमचे हे हात द्यायला पुढे झाले. कासमभाईंनी मान हलवली, बिस्मिल्ला म्हटलं आणि स्वतःच उतरले.

ते सुखरूप पोचले. आईच्या शेवटापर्यंत तिच्याजवळ राहिले, नंतर परत आलेच नाहीत. म्हातारे होऊन, आपल्या अंगणात, कोरड्या जमिनीवर गेले, असं पुढे कळलं. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या लाँचमध्ये.

बोचक्यांच्या मध्ये, फळीवर, ताठ बसले होते. ओठ हलत होते. शेजारी एक बाई होती, तिच्या मांडीवर तान्हं मूल आणि पायाशी तीनेक वर्षांची मुलगी. लाँच हलली तशी ती मुलगी कडेला सरकली, पाणी बघायला. कासमभाईंनी त्या बाईला काहीतरी विचारलं. तिने मान डोलावली. मग त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, त्याचं एक टोक मुलीच्या कमरेला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. मोकळ्या राहिलेल्या हाताने त्यांनी बसायची फळी धरली.

लाँच वळणाकडे गेली. आम्ही हात हलवले. शमीमने तर दोन्ही हलवले. कासमभाई आमच्याकडेच बघत होते, पण त्यांनी हात हलवला नाही. त्यांचे दोन्ही हात कामात होते.